साळूआक्काचे तांदूळ वाढले

मंडळी, ऐका! देवाला आज थोडा वेळ बाजूला बसवतो. रागावणार नाही तो, त्यालाही गोष्ट ऐकायची असतेच. आज प्रश्न तुम्हाला! सरळ विचारतो, सरळ उत्तर द्या. घरात एखादी वस्तू नसणं — ही लाजेची गोष्ट आहे का?

"नाही!" वा! कोण बोललं? खांबाजवळच्या आक्का? काय ठणठणीत आवाज! मग आक्का, परवा पाहुणे आले आणि डब्यात साखर नव्हती, तेव्हा काय म्हणालात? "आमच्याकडे हल्ली गुळाचाच चहा करतो, तब्येतीला बरा!" — म्हणालात ना? बघा, लाजल्या! अहो, मला कुणी चहाडी सांगितली नाही. त्या पाहुण्यांत मीच होतो!

आणि नारोपंत, पेटीमागे तोंड लपवून हसायचं काम नाही. तुमच्या घरचं काढायला मला वेळ लागणार नाही.

तर मंडळी, नसलेलं आपण लपवतो. सगळेच लपवतो. का लपवतो? आणि लपवलं तर कुणाचं काय बिघडतं? एवढ्या प्रश्नावर आजचं आख्यान उभं आहे. आणि आख्यानात राजे नाहीत, ऋषी नाहीत — चोर आहेत! चपला कुठे काढल्यात तेवढं एकदा बघून घ्या.

एक मुलूख होता. कुठला म्हणाल, तर विचारू नका. तिथं जायला रस्ता नाही आणि यायला एसटी नाही. तिथं आकाशात चंद्र दोन. थोरला वेळेवर उगवायचा, धाकटा आळशी — मनात आलं तर यायचा, नाहीतर दांडी! तिथली झाडं थंडीत एकमेकांना चिकटून उभी राहायची, उन्हाळ्यात लांब सरकायची. अशा त्या मुलखात लंपुले राहायचे.

लंपुले! नाव कसं पडलं ते सांगायला नको. वस्तू लंपास करतात ते लंपुले. अंगानं वीतभर. पोट पुढे आलेलं. पण कान? कान हे एवढे — अळूच्या पानासारखे! थंडी वाजली की एक कान खाली अंथरायचा, दुसरा वर पांघरायचा, की झाली झोप. ना गादी, ना गोधडी. अंथरुणं उचलून ठेवायची कटकट नाही. आमच्या घरी हे सांगितलं, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही नुसती गोष्ट सांगता, तुमच्या कानांचा काय उपयोग? हाक मारली तरी ऐकू येत नाही!"

असो. चोरी कधी करायचे? रात्री? छे हो! रात्री ते झोपायचे. घोरायचे! चोरीची वेळ दुपारची. माणसं जेवून लवंडली, डोळा लागला, की हे निघाले. काय न्यायचे? जोडीतली एक चप्पल. जोडीतलं एक जोडवं. पोळपाट ठेवायचे, लाटणं न्यायचे. कुंकवाचा करंडा ठेवायचे, झाकण न्यायचे. तुम्ही म्हणाल, हा काय चावटपणा? पण त्यांचा हिशेब होता! दोन चपला आहेत म्हणजे एक जास्त आहे. जास्त आहे ती उचलायची. करंडा आहे, झाकण आहे — मग माणसाला दोन-दोन वस्तू कशाला?

हसताय! पण त्यांच्यात धर्म होता, मंडळी. कडक धर्म! जिथं वाढलंय तिथून घ्यायचं, जिथं संपलंय तिथं ठेवायचं. घेतलेली वस्तू कधी स्वतःकडे ठेवायची नाही. या घरातून उचलायची, त्या घरात सारायची. एक चप्पल त्या लंगड्याच्या दारात, जोडवं त्या भुंड्या पायाच्या सुनेला. एका जागी ढीग साठला तर तो आंबतो, असं त्यांच्यातली जुनी बाई, लुटपुटी आजी, सांगायची.

आता अडचण अशी, की लंपुल्यांना मोजता येत नाही. एक कळतं, आणि एकाच्या पुढे सगळं 'पुष्कळ'. मग कुठल्या घरात जास्त, कुठल्या घरात कमी, हे कसं कळायचं? तर कानांनी! छपरावर बसायचं, कान खाली सोडायचा आणि घरातलं बोलणं ऐकायचं. माणूस म्हणाला "आहे", म्हणजे आहे. माणूस म्हणाला "नाही", म्हणजे नाही. लंपुल्यांचा माणसाच्या जिभेवर एवढा विश्वास! हे ऐकून तुम्हाला हसू यायला हवं. मला रडू येतं.

पूर्वी हे लंपुले डोंगरावर मेंढक्यांच्या वस्तीत होते. मेंढकी माणसं बोलायला रोखठोक. "मीठ संपलं गं, दे मूठभर!" — "घे!" विषय संपला. तिथं लंपुल्यांचं कधी चुकलं नाही. पण एकदा वादळात त्यांचा ढोलीचा वड आडवा झाला. सगळी पोरंबाळं, कान, बिऱ्हाड घेऊन ते खाली उतरले आणि आले झुळुकवाडीत. झुळुकवाडीची माणसं कशी? आपल्यासारखी! गोड बोलणारी, सभ्य, घरंदाज. आणि इथंच घोटाळा झाला.

मंडळी, आता नीट कान द्या. देवापुढे आपण नारळ फोडतो का? नाही — वाढवतो. हातातली बांगडी फुटली असं म्हणतो का? नाही — वाढली म्हणतो. आणि घरातलं मीठ संपतं का? कधीच नाही! मीठ वाढतं! तांदूळ वाढतात, कुंकू वाढतं. का? तर 'संपलं' हा शब्द भरल्या घरात उच्चारू नये. उच्चारला की बरकत पाय काढते. भावना चांगली आहे हो, मी थट्टा करत नाही. आमची आई अशीच बोलायची, म्हणून आम्हीही तसेच बोलतो.

पण छपरावर बसलेल्या लंपुल्याला हे कोण सांगणार?

तो ऐकतोय, "तेल वाढलं." तो ऐकतोय, "पीठ वाढलं." आनंदानं त्याचे कान ताठ! "आजी, आजी! काय गाव आहे! इथं वस्तू आपोआप वाढतात!"

या गावात एक साळूआक्का होती. नाव साळू — साळ म्हणजे भात! — आणि घरात दाणा नाही, अशी तिची गत. नवरा जाऊन वर्षं झालेली. लोकांचा भात कांडून द्यायची, त्यावर घर चालायचं. पण ताठ! पदर डोक्यावरून कधी ढळला नाही, आणि हात कुणापुढे कधी पसरला नाही. तिची एकुलती लेक धुरपी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आईनं कुठून कुठून जमवून ठेवलं होतं — तुपाची बरणी, डिंक, मेथ्या, अळीव, गुळाची ढेप, मडकंभर तांदूळ. सगळं उतरंडीत लावून ठेवलेलं. मुलगी झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची! साळूआक्का आजी झाली. तिच्या पायाला जमीन लागेना.

पण बाळंतीण सांभाळायची तर कांडायला जाणार कोण? साळूआक्का घरी बसली. हळूहळू मडक्याचा तळ जवळ आला. एक दिवस ती मडक्यात हात घालून म्हणाली, "धुर्पे, तांदूळ वाढले गं."

लेक शहाणी. तिला कळलं. म्हणाली, "मग आई, आज मला भात नको. भूकच नाही."

छपरावर कोण होता? खुडबुड्या! सगळ्या लंपुल्यांत याचे कान मोठे आणि पोटही मोठं. यानं अर्धंच ऐकलं. वाढले! दुपारी माय-लेकी लवंडल्या तसा तो उतरला, मडक्यातले उरलेले तांदूळ फडक्यात बांधले आणि चालता झाला. जाताना मडक्यावर झाकण मात्र नीट ठेवलं. लंपुले चोर असले तरी पसारा करत नाहीत. तेवढं तुमच्या पोरांना शिकवा.

आता हे तांदूळ द्यायचे कुणाला? ज्याच्याकडे संपलंय त्याला. गावात 'संपलं' असं कोण म्हणतं? एकच बाई म्हणायची. शेजारची ठकूताई! कोठ्या भरलेल्या, गोठा भरलेला, आणि तोंडात काय? "काय सांगू बाई, काही उरलं नाही आमच्याकडे! संपलं हो सगळं! कसे दिवस काढतो आमचं आम्हाला ठाऊक!" — ही सवय! दारात माणूस दिसला की सुरू. न जाणो कुणी काही मागितलं तर? अशा ठकूताया आपल्याकडे नाहीत ना? नाहीत! कुणीच मान हलवत नाही, म्हणजे नाहीतच.

तर खुडबुड्याला तिची दया आली. "बिचारी!" म्हणाला. आणि साळूआक्काचे तांदूळ नेऊन ठकूताईच्या कोठीत सारले!

बघा मंडळी, न्याय कसा झाला! जिच्याकडे नाही तिच्याकडून उचललं, आणि जिच्याकडे ढीग आहे तिला दिलं. आणि चूक कुणाची? लंपुल्याची? तो तर ऐकलं तसा वागला!

पुढे रोज तेच. साळूआक्का म्हणाली, "गूळ वाढला." गूळ गेला. "तेल वाढलं." तेल गेलं. लंपुल्यांच्या बैठकीत लुटपुटी आजी म्हणाली, "ज्या घरात रोज काहीतरी वाढतंय, त्या घरात सगळंच उतू जात असणार. आंबायच्या आत न्या!" मग काय — अळीव गेले, मेथ्या गेल्या, डिंक गेला. एका दुपारी तुपाची बरणीही गेली. चार लंपुल्यांनी पालखीसारखी उचलून नेली.

साळूआक्काला वाटलं, बोका! शेजारचा लठ्ठ बोका तिनं अंगणभर पळवला, त्याच्या पाठीत केरसुणी घातली. तो बोका बिचारा निष्पाप! जन्मात पहिल्यांदाच निष्पाप होता, आणि नेमका तेव्हाच मार खाल्ला.

ठकूताईच्या घरी काय? कोठीत रोज नवी पुरचुंडी! ती हात जोडून म्हणायची, "लक्ष्मी प्रसन्न झाली हो!" आणि बाहेर आल्यावर शेजारणीला? "काही उरलं नाही बाई!"

इकडे साळूआक्काच्या घरात चुलीवर पाणी उकळायचं. नुसतं पाणी. त्यात मीठ आणि पाटीच्या फटीत अडकलेल्या कण्या झटकून टाकायच्या, ती पेज लेकीला. "आई, तू?" — "मी मघाच जेवले!" ठकूताई कुंपणावरून विचारायची, "काय गं साळू, लेकीचं सगळं व्यवस्थित ना?" — "अगदी! काही कमी नाही!" असं म्हणताना तिच्या पोटात खड्डा पडलेला असायचा. पण मान ताठ.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. धुरपीचं दूध आटलं.

लेकरू छातीला लागायचं, ओढायचं, ओढायचं — आणि सोडून रडायचं. परत लागायचं, परत रडायचं. धुरपी त्याला छातीशी धरून स्वतः रडायची. साळूआक्का दोघींकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. अहो मंडळी, कोवळं लेकरू! त्याला कुठं ठाऊक, घराण्याची अब्रू काय असते? त्याला कुठं ठाऊक, कुठला शब्द उच्चारू नये? त्याला भूक लागली, ते रडलं. जगात तेवढं एकच माणूस सरळ बोलत होतं!

आणि ते छपरावरच्या कानांनी ऐकलं.

खुडबुड्या दचकला. लंपुल्याच्या कानाला रडणं बरोबर कळतं — पोट दुखल्याचं वेगळं, झोप आल्याचं वेगळं, भुकेचं वेगळं. हे भुकेचं होतं! त्याची अक्कल चालेना. सगळं वाढलेल्या घरात भुकेचं रडणं? त्यांच्या नव्या ढोलीत जाऊन आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, "तुझे कान बिघडले." तो म्हणाला, "माझे कान नाही बिघडणार. मीच बघून येतो."

लंपुल्यानं माणसासमोर जायचं नाही, हा त्यांचा नियम. कारण सापडला तर माणूस मारणार, हे ठरलेलं. तरी हा उतरला! भर दुपारी, हळूच, मडक्यात डोकावला. मडकं रिकामं. दुसरं रिकामं. बरणीची जागा रिकामी. तो तिसऱ्या मडक्यात वाकलाय, तेवढ्यात — धप्प! वरून पाटी!

साळूआक्का झोपली नव्हती. भुकेल्या माणसाला कसली झोप? बोक्यासाठी टपून बसली होती ती. एका हातानं पाटी दाबून धरली, दुसऱ्या हातात लाटणं!

"सापडलास ना मेल्या! बोकोबा!"

पाटीखालून आवाज आला, "आक्के, मी बोका नाही. लंपुला आहे. कान चिमटलाय माझा, जरा पाटी सरकव."

साळूआक्का उडालीच! पण पाटी सोडली नाही. "लंपुला? म्हणजे डोंगरावरचे ते चोर? तू नेलंस माझं तूप? माझ्या बाळंतिणीच्या तोंडचा घास नेलास? आज तुझा भुगा करते!"

"वाढलेलं नेलं!" आतून ठसक्यात उत्तर आलं. "न वाढलेला एक कण नेला असेल तर कान कापून देईन. तूच म्हणालीस — तांदूळ वाढले, गूळ वाढला, तेल वाढलं!"

"अरे मुडद्या, वाढले म्हणजे संपले!"

पाटीखालून बारीक आवाजात, "काय?"

"संपले! वाढले म्हणजे संपले."

"मग संपले असंच का नाही म्हणालीस?"

"तसं म्हणू नये. लक्ष्मी रुसते."

"आक्के," खुडबुड्या म्हणाला, "लक्ष्मीचं मला माहीत नाही. तुझी नात रुसलीये. तुला ऐकू येत नाही का?"

साळूआक्काच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

तिनं पाटी उचलली. आत हा वीतभर जीव, एक कान दुमडलेला, डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "चुकलो मी. आक्के, फार चुकलो. तुझं सगळं त्या बाईच्या कोठीत ठेवलं. ती रोज संपलं-संपलं म्हणून रडायची. थांब, आत्ता चोरून परत आणतो!" आणि निघालासुद्धा.

"खबरदार!" साळूआक्का म्हणाली. "माझ्या घरात चोरीचं येणार नाही."

"पण तुझंच आहे ते!"

"माझं असलं तरी चोरून नको. साळूच्या घरात चोरीचा दाणा शिजला, असं माझ्या लेकीच्या कानावर नको."

"बरं. मग तू जा आणि माग."

मंडळी, इथं साळूआक्का पांढरीफटक पडली! मागायचं? तिनं? नवरा गेला तेव्हा मागितलं नाही. लेकीच्या लग्नात मागितलं नाही. "मला नाही जमणार," ती म्हणाली.

खुडबुड्या तिच्याकडे बघतच राहिला. "आक्के, मला चोरायला लाज वाटत नाही आणि तुला मागायला वाटते. खुळं कोण आपल्यातलं?" आत लेकरू रडत होतं. आता तर त्याचा आवाजही बसला होता, नुसता कण्हल्यासारखा येत होता. तो आवाज ऐकला आणि साळूआक्का उठली. डोक्यावर पदर घेतला. रिकामं मडकं कमरेवर घेतलं. आणि चालू लागली.

कुंपण ओलांडलं की ठकूताईचं घर. पण त्या दिवशी ते अंतर तिला संपेना! दोनदा माघारी फिरली. एकदा तर विहिरीवर निघाल्याचं सोंग केलं — कुणी बघितलं तर? आपणही करतो हो हे. कुणाकडे मागायला निघालो आणि वाटेत कुणी भेटलं की, "सहज, फिरायला!" भर उन्हात!

दिवे लागले होते तेव्हा ती दारात पोचली. ठकूताईनं बघितलं आणि सवयीनं सुरू झाली, "ये गं साळू, बैस. काय सांगू तुला, काही उरलं नाही बघ आमच्याकडे —"

साळूआक्काचा पाय मागे वळला. "सहज आले होते," ती म्हणाली. "येते."

मंडळी, श्वास धरा! इथं ती परत गेली असती ना, तर आख्यान संपलं असतं. आख्यानाबरोबर एक लेकरूही. ती वळली. एक पायरी उतरली. आणि मग थांबली. ठकूताईकडे न बघताच म्हणाली,

"ठकूताई, तांदूळ संपले."

ठकूताईनं तोंडावर हात ठेवला! "अगं बाई! दिवेलागणीला काय बोलतेस हे?"

"संपले," साळूआक्का म्हणाली. एकदा शब्द बाहेर पडला की पुढचा सोपा असतो. "तूप संपलं. गूळ संपला. धुरपीचं दूध संपलं. माझी नात भुकेली आहे. मला दे."

त्या गावात असं कुणी कधी बोललं नव्हतं. ठकूताईला आपली रोजची रड आठवली, आणि पहिल्यांदाच तिला तिची लाज वाटली. ती वाईट नव्हती हो! सवय वाईट होती. ती तशीच कोठीत गेली, दिवा धरला, आणि तिथून ओरडली, "साळू! अगं हे फडकं तुझ्या जुन्या लुगड्याचं! ही बरणी तुझी! हे इथं कसं आलं?"

छपरावरून उत्तर आलं, "मी आणलं. तूच म्हणालीस संपलं. माणसं आहात की कोडी आहात?"

ठकूताई आधी किंचाळली. मग सगळं ऐकलं. मग धप्पकन खाली बसली. "म्हणजे लक्ष्मी नव्हे, चोर प्रसन्न झाले होते मला!" आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "साळू, मी रोज कुंपणावरून विचारायची तुला, सगळं व्यवस्थित ना म्हणून. तू हो म्हणालीस आणि मी ऐकून मोकळी झाले. एकदा आत येऊन चूल तरी बघायची होती गं मी."

मग तिनं पदर खोचला! साळूआक्काचं तर परत केलंच, वर स्वतःच्या कोठीतलं काढलं. स्वतः साळूच्या चुलीपुढे बसली. मऊ भात केला, त्यावर तूप, मेतकूट, आणि अळिवाची खीर. धुरपीला पाटावर बसवलं. पान मांडलं. आणि वाढायला लागली. धुरपी खाली मान घालून जेवत होती, थांबत नव्हती. ठकूताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अजून वाढू गं?"

आढ्यावर खुडबुड्या ताडकन उठला! "आक्के! परत संपलं?"

साळूआक्का इतक्या दिवसांनी हसली. "नाही रे राजा. हे वाढणं वेगळं. आपल्या भांड्यातलं काढायचं आणि दुसऱ्याच्या पानात घालायचं, त्याला वाढणं म्हणतात."

खुडबुड्या विचारात पडला. "म्हणजे तिच्या भांड्यात कमी झालं?"

"झालं."

"आणि हिच्या पानात जास्त झालं?"

"झालं."

"म्हणजे संपलं पण आणि वाढलं पण! एकाच वेळी!" तो आनंदानं ओरडला. "अगं, शब्द तुमचा बरोबर आहे! तुम्ही त्याचा अर्धाच भाग वापरत होता! आणि हे तर आम्ही रोज करतो, फक्त विचारत नाही!"

धुरपी पोटभर जेवली. त्या दिवशी नाही, लगेच नाही — पण खाऊनपिऊन हळूहळू दूध आलं. लेकरू प्यायलं, पिता पिता झोपलं. झोपेत हसलं. ते बघायला आढ्यावर लंपुल्यांची रांग लागली होती. लुटपुटी आजी सगळ्यांत पुढे, आणि कुणाला पुढे सरकू देत नव्हती.

पुढे लेकराचं बारसं झालं, आणि धुरपी सासरी निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "येते गं आई!" साळूआक्का पदरानं डोळे पुसत घरात गेली. बघते तर खुडबुड्या अजून वाटेवर बसलेला. "अरे, ती गेली ना?" — "असं कसं? येते म्हणाली ना! आत्ता येईल!" तो संध्याकाळपर्यंत बसला होता. बिचाऱ्याला अजून बरंच शिकायचं होतं.

आता मंडळी, गोष्ट लंपुल्यांची झाली. तुमचं काय?

आपल्या छपरावर कुणी लंपुला नाही. कान खाली सोडून आपलं रडणं ऐकणारं कुणी नाही. आपल्याला ऐकायचं तर आपणच ऐकायचं! या मंडपात आत्ता बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात आज काहीतरी वाढलंय. कुणाचं मीठ, कुणाचं औषध, कुणाच्या घरातला हसणारा माणूस. आणि तो तुम्हाला म्हणाला, "सगळं व्यवस्थित!" तुम्ही म्हणालात, "वा वा!" आणि पुढे चालू लागलात. उद्यापासून असं नाही करायचं. आत जायचं. चूल बघायची.

आणि ज्याचं संपलंय, त्याला हात जोडून सांगतो. 'संपलं' म्हणा. लक्ष्मी रुसणार नाही. ती रुसतच असेल, तर तोंड मिटून भुकेल्या लेकराला थोपटणाऱ्या घरावर रुसेल. देव मला क्षमा करो, पण मला असंच वाटतं.

आता आरती होईल, मग पंगत बसेल. वाढणाऱ्यांनो, 'पुरे पुरे' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, पानाकडे बघा. आणि बसणाऱ्यांनो, ज्याला हवंय त्यानं आज पानावर हात आडवा धरायचा नाही. मोकळ्या तोंडानं मागायचं. म्हणा बघू सगळे — "वाढा!"

किती हळू म्हणालात! अजून लाजताय? त्या लेकराइतकं तरी जोरात म्हणा — "वाढा!"

हां. आता देवाचं नाव घ्या, आणि उठा.